श्वास "आत जात नाही" म्हणणारे काका : एम्फिसीमाचं एक प्रकरण

पुरुष, वय ६६. राहणार लष्कर, ग्वाल्हेर. सरकारी कचेरीतून निवृत्त. तक्रार एकच, त्यांच्याच शब्दांत: "डॉक्टरसाहेब, श्वास आत जातच नाही."

ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना नुसतं काका म्हणू. तक्रार शब्दशः दिली, कारण रुग्णाला जाणवतं काय आणि छातीत बिघडलंय काय, यांत इतकं अंतर क्वचितच बघायला मिळतं. काकांची अडचण श्वास घेताना होत होती, बिघाड मात्र सोडण्यात होता: एम्फिसीमा, म्हणजे फुप्फुसातल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांच्या (वायुकोशांच्या) भिंती तुटत जाण्याचा आजार. ते न ओळखल्यामुळे दोन वर्षं उपाय उलट्या दिशेने चालले होते.

काका गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि गातात. विडी विशीत लागली, नोकरीत सिगारेट आली. "आता काय, दिवसाला दोन-तीनच," असं ते म्हणाले तेव्हा मागे उभ्या असलेल्या काकूंनी मला पाच बोटं दाखवली. किल्ल्याचा चढ त्यांनी केव्हाच सोडला होता, बाड्यावर, म्हणजे शहरातल्या मुख्य चौकात, जायचं तरी ई-रिक्षा. त्यामुळे दम लागतो हे कळायला जागाच उरली नव्हती. फुप्फुसाचा आजार असाच लपून राहतो. माणूस नकळत चालणं कमी करत जातो आणि वयाला दोष देतो. काकांना ते कळलं गाण्यात. अभंगाची ओळ एका दमात पुरी होईना. त्यातल्या त्यात संथ चाल जमायची, पण शेवटचा गजर सुरू झाला की थोड्याच वेळात पेटीवर दोन्ही हात टेकून गप्प बसावं लागे. हे निरीक्षण त्यांचं स्वतःचं. आधीच्या कागदांत त्याची कुठेच नोंद नव्हती. मला ते कुठल्याही तपासणीइतकंच मोलाचं वाटलं.

हृदयाच्या तपासण्या झाल्या होत्या, ईसीजी आणि इको दोन्ही ठीक. जेवल्यावर त्रास वाढतो म्हणून गॅसच्या गोळ्या झाल्या. शेजाऱ्यांनी सुचवलं म्हणून रोज सकाळी कपालभाती चालू होती, तीही जोरात. शिवाय करोनाच्या साथीत मुलाने आणून दिलेलं तीन गोळ्यांचं यंत्र. "तिन्ही गोळ्या उचलतो की मी!" काका म्हणाले. उचलत असणारच. त्या यंत्राचा उपयोग ऑपरेशननंतर. टाके दुखतात म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, फुप्फुसाचे खालचे भाग मिटत जातात, ते उघडायला लांब श्वास घ्यायला लावायचा असतो. काकांच्या फुप्फुसात मिटलेलं काही नव्हतं. तिथे वाजवीपेक्षा जास्त हवा कोंडलेली होती, आणि ते तीत रोज भर घालत होते.

तपासणीत छाती गोल, पुढून मागे जाडी वाढलेली. बरगड्या आडव्या. पूर्ण श्वास घ्यायला लावला तर घेर जेमतेम दोन सेंटिमीटरने वाढला. बोटाने ठोकून पाहिलं तर सगळीकडे पोकळ नाद. डावीकडे हृदयामुळे येणारा जड आवाज गायब, कारण फुगलेलं फुप्फुस हृदयावर चढलेलं. श्वासाचा आवाज मंद. गळ्याशी स्टेथोस्कोप ठेवून जोरात श्वास सोडायला सांगितलं, तर नऊ सेकंदांनंतरही हवेचा सूं आवाज येतच होता. निरोगी माणसाचा तो तीन-चार सेकंदांत संपतो.

सगळ्यात बोलकी खूण बरगड्यांच्या खालच्या कडेला होती. श्वास घेताना हा भाग बाहेर फाकायला हवा. काकांचा आत ओढला जात होता. श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, घुमटाच्या आकाराचं असतं तेव्हा त्याच्या कडा बरगड्यांच्या आतल्या बाजूला चिकटून उभ्या असतात. स्नायू आकसला की घुमट खाली येतो आणि खालच्या बरगड्या बाहेर फाकतात. तेच पटल सपाट झालं की त्याच्या तंतूंची दिशा बदलते आणि आकसताना ते बरगड्यांना आतच खेचतं. या खुणेला हूवरची खूण म्हणतात. यंत्र लागत नाही, दिव्याखाली नीट बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढी दोन मिनिटं आपण हल्ली देत नाही, हे मात्र खरं.

स्पायरोमेट्रीत, म्हणजे नळीत फुंकून करायच्या तपासणीत, जोरात सोडलेली एकूण हवा २.३ लिटर, त्यातली पहिल्या सेकंदात बाहेर आलेली ०.९८ लिटर. गुणोत्तर ०.४३. औषधाचा फवारा देऊन पुन्हा पाहिलं तर पहिल्या सेकंदाचा आकडा १.०६ वर गेला, म्हणजे फरक नगण्य आणि गुणोत्तर ०.७ या किमान मर्यादेच्या बरंच खाली. मग त्यांना सावकाश, न ढकलता श्वास सोडायला सांगितला. आता २.७ लिटर बाहेर आले! जोर लावला तर कमी, न लावला तर चारशे मिलिलिटर जास्त. काका यंत्र बिघडलंय म्हणाले. यंत्र ठीक होतं.

आता एक गोष्ट स्पायरोमेट्री दाखवूच शकत नाही. जॉन हचिन्सन यांनी १८४६ मध्ये आपल्या स्पायरोमीटरवरचं काम प्रसिद्ध केलं, तेव्हापासून ही मर्यादा तशीच आहे: यंत्र फक्त बाहेर आलेली हवा मोजतं. आत किती उरली ते त्याला कळत नाही. त्यासाठी काचेच्या बंद पेटीत बसून करायची वेगळी तपासणी लागते. १९५० च्या दशकात ड्युबॉइस आणि सहकाऱ्यांनी ती रूढ केली, तत्त्व मात्र बॉइल यांचं, १६६२ चं: तापमान तेच असेल तर आकारमान वाढलं की दाब घटतो. काका दिल्लीला मुलाकडे गेले तेव्हा ती करून घेतली. पूर्ण श्वास घेतल्यावर छातीत ७ लिटर हवा. त्यांच्या उंची-वयाला अपेक्षित साडेपाच. पूर्ण सोडल्यावरही उरणारी हवा ४.३ लिटर, म्हणजे अपेक्षेच्या दुप्पट. आणि नेहमीचा सहज श्वास सोडून झाल्यावर आत उरणारी हवा ५.३ लिटर.

हा शेवटचा आकडा या प्रकरणाची किल्ली आहे. काकांच्या अंगलटीचा निरोगी माणूस छाती पूर्ण भरून घेतो तेव्हा त्याच्या छातीत साडेपाच लिटर हवा असते. काकांच्या छातीत श्वास सोडून झाल्यावर जवळजवळ तेवढी असते. वाचकाने करून पाहावं: पूर्ण दम भरा, तो सोडू नका आणि वरचेवर छोटे श्वास घेऊन बोलायचा प्रयत्न करा. अर्ध्या मिनिटात तुम्हीही म्हणाल, श्वास आत जात नाही.

हे असं का होतं ते कळायला मुळापासून बघावं लागतं. फुप्फुस स्वतः फुगत नाही. फुगण्यासाठी त्याच्याकडे स्नायूच नाही. ते सदैव आकसायला बघतं, आणि हा आकसण्याचा जोर लिव्हरपूलच्या जेम्स कार्सन यांनी १८२० मध्येच जनावरांच्या फुप्फुसांवर पाण्याच्या उंचीत मोजला होता. छातीचा पिंजरा उलट बाहेर पसरायला बघतो. दोघांच्या मध्ये फुप्फुसावरणाचा द्रवाने ओला असा पातळ थर. एक आत ओढतो, दुसरा बाहेर, म्हणून या थरातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर पाण्याइतका कमी राहतो. श्वास सोडून आपण क्षणभर स्वस्थ असतो ती जागा म्हणजे या दोन ओढींचा समतोल. तिथून श्वासपटल आकसून खाली सरकतं, शांत श्वासात एक-दोन सेंटिमीटरच, छातीचं आकारमान वाढतं, फुप्फुस मागोमाग ओढलं जातं. वायुकोशांतला दाब सेंटिमीटरभर पाण्याइतका उतरतो आणि तेवढ्या फरकावर अर्धा लिटर हवा आत येते. सोडताना काहीच करावं लागत नाही. स्नायू सैल पडले की फुप्फुस आपल्या जोरावर मूळ जागी परततं.

हा परतीचा जोर दोन गोष्टींतून येतो. एक, वायुकोशांच्या भिंतींतले लवचीक तंतू. दुसरी, कोशांच्या आतल्या ओल्या पृष्ठभागाचा ताण. दुसरी किती मोठी आहे हे १९२९ मध्ये फॉन नीरगार्ड यांनी दाखवलं: हवेऐवजी द्रवाने फुप्फुस भरलं की ते फुगवायला खूपच कमी दाब लागतो, कारण हवा आणि पाणी यांची सीमाच नाहीशी होते. एम्फिसीमात तंतूही तुटतात आणि भिंती गेल्यामुळे लहान कोशांच्या जागी मोठे पोकळ खड्डे होतात. दोन्ही जोर एकदम घटतात. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लाएनेक यांनी १८१९ च्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे की निरोगी छाती उघडली की फुप्फुस खाली बसतं, या रुग्णांचं बसत नाही.

काकांना हे समजावताना मला त्यांची पेटीच कामी आली, कारण ती ते स्वतः दुरुस्त करतात. पेटीला दोन भाते. हाताने हलवतो तो बाहेरचा, आणि आत स्प्रिंगांनी दाबलेला दुसरा, जो साठलेली हवा एकसारख्या दाबाने पट्ट्यांकडे सोडत राहतो. "आतली स्प्रिंग बसली की काय होतं?" विचारल्यावर ते लगेच म्हणाले, "सूर हातासरशी हलतो, धरत नाही." तुमची ती स्प्रिंग बसली आहे, मी म्हटलं. दाखला एका बाबतीत तोकडा आहे: पेटीत हवा बाहेरून ढकलली जाते, फुप्फुसात ती बाहेरच्या ओढीने येते. पण सोडण्याच्या बाजूला तो चपखल बसतो.

जोर घटला की समतोलाची जागा वर सरकते. पिंजऱ्याला आत धरून ठेवणारं कमी झालं, तो पसरला, छाती गोल झाली. मग सपाट झालेलं श्वासपटल आधीच आखूड, त्याला आणखी आकसायला वाव नाही. पिंजराही आता इतका पसरलेला की बाहेर जायचं सोडून तोही आत येऊ बघतो. श्वास घेणाऱ्या स्नायूंना दोघांशी झुंजावं लागतं. जेवल्यावर पोटाचा दाब त्यात भर घालतो. गॅसचा दोष नव्हता.

आता जोर लावल्यावर हवा कमी का आली? लहान श्वासनलिकांना कूर्चेचा आधार नसतो. त्यांना उघडं धरतात त्या भोवतालच्या वायुकोशांच्या भिंती, चहूबाजूंनी ताणून. त्या भिंतीच गेल्या तर नळी लुळी पडते. त्यावर आपण पोटाने जोर लावला तर तो जोर वायुकोशावर पडतो तसाच नळीवरही पडतो. समजा बाहेरून २० सेंटिमीटर पाण्याचा दाब दिला. निरोगी फुप्फुसाचा स्वतःचा जोर १० धरला तर कोशात ३० होतात. नळीतून जाता जाता दाब उतरत जातो आणि तो २० वर येईपर्यंत हवा कूर्चा असलेल्या जाड नळ्यांत पोहोचलेली असते. तिथे बाहेरचा दाब फारसं काही करू शकत नाही. काकांचा जोर ३ धरा. कोशात २३. अवघे ३ उतरले की आतला-बाहेरचा दाब सारखा, आणि तो कूर्चा नसलेल्या बारीक नळीतच. तिथून पुढे नळी चेपते. जितका जोर अधिक, तितकी ती घट्ट मिटते. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, क्रम मात्र असाच आहे. कपालभातीत काका रोज सकाळी नेमकं हेच करत होते. प्राणायामाबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्याची श्वास सोडण्याची यंत्रणा अशी बिघडली आहे त्याला वेगाने, जोराने श्वास फेकायला सांगणं चूक आहे.

संथ चाल आणि गजर यांचं कोडंही इथेच सुटतं. निरोगी गायक छाती भरून घेतो तेव्हा फुप्फुस आणि पिंजऱ्याचा मिळून परतीचा जोर ३० सेंटिमीटर पाण्याच्या आसपास असतो. हलक्या सुराला स्वरतंतूंखाली त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकाही दाब पुरतो. म्हणून सुरुवातीला तो श्वास घेण्याच्याच स्नायूंनी ही परती आवरत गातो, आणि हवा कमी होत गेल्यावर पोटाने ढकलू लागतो. ताना-आलापांतला ठहराव बराचसा या आवरण्यात असतो. काकांकडे आवरायला फारसं काही उरलेलं नाही, पण एक सोय अजून आहे: लांब सूर धरताना जवळ आलेले स्वरतंतू हवेला अडवतात, नळ्यांतला दाब चढा राहतो, त्या मिटत नाहीत. संथ ओळीत हवा सावकाश का होईना, बाहेर पडते. गजरात लय चढते, टाळ्या चालू, दोन शब्दांच्या मधल्या फटीत झटकन श्वास ओढायचा. मागची हवा पुरती बाहेर पडायच्या आत नवी येते. प्रत्येक श्वासागणिक थोडी थोडी साठत छाती आणखी फुगते. सहा मिनिटं चालवून आम्ही हेच मोजलं: बसल्या जागी काका सहज पातळीवरून आणखी १.७ लिटर आत घेऊ शकत होते, चालून आल्यावर १.१. रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांवरून ८९ वर आला, अंतर २९० मीटर.

पेटीवर हात टेकून वाकणं हाही अंगाने शोधून काढलेला उपाय. हात टेकले की खांदे स्थिर होतात आणि मानेचे, छातीचे स्नायू बरगड्या उचलायला मोकळे होतात. पुढे वाकलं की पोटातले अवयव श्वासपटलाला वर ढकलून थोडा घुमट परत देतात.

सीटी स्कॅनमध्ये वरच्या भागांत खड्डे जास्त, खाली कमी. धूम्रपानाच्या एम्फिसीमात बहुधा असंच दिसतं. अल्फा-१ अँटिट्रिप्सिन या फुप्फुसाला जपणाऱ्या प्रथिनाच्या जन्मजात कमतरतेत नुकसान बहुतेकदा तळाशी असतं आणि तरुण वयात दिसतं. तरी रक्ततपासणी करून घेतली, पातळी ठीक होती. आमच्याकडे दगड घडवणारे कामगारही दम्याची तक्रार घेऊन येतात. ग्वाल्हेरच्या आसपास वालुकाश्माच्या खाणी आहेत. त्यांच्यात धुळीने फुप्फुस ताठर झालेलं असतं, फुगतच नाही. त्यांची "आत जात नाही" ही तक्रार अक्षरशः खरी असते. शब्द तेच, बिघाड नेमका उलटा. छाती ठोकून आणि श्वास सोडायला लागणारा वेळ मोजून दोघांत फरक करता येतो.

उपचार. विडी-सिगारेट बंद, ही पहिली अट. निकोटिनचा च्युइंगगम दिला. लांब वेळ टिकणाऱ्या दोन औषधांचा, इंडाकेटेरॉल आणि ग्लायकोपायरोनियमचा एकत्र इनहेलर, ओढायची पद्धत समोर करून घेऊन. तीन गोळ्यांचं यंत्र कपाटात, जोराची कपालभाती बंद. त्याऐवजी ओठांचा चंबू करून फुंकर: नाकाने दोन मोजत घ्यायचा, ओठांतून चार-पाच मोजत सोडायचा, न ढकलता. ओठ तेच करतात जे लांब सुरात स्वरतंतू करतात. जिना चढताना, वजन उचलताना आधी फुंकर, मग पाऊल. फिजिओथेरपिस्टकडे आठवड्यातून तीनदा चालणं आणि मांड्यांचे व्यायाम. पाय बळकट झाले की तेवढ्याच कामाला श्वास कमी लागतो. फ्लू आणि न्यूमोकॉकसची लस. गाणं बंद करू नका, हे मी मुद्दाम सांगितलं, कारण घरच्यांनी पेटी उचलून ठेवायचं ठरवलं होतं. ब्रिटनमध्ये अशा रुग्णांसाठी गाण्याचे वर्गच चालतात. गजरात फक्त पेटी वाजवा, गाऊ नका, एवढीच अट घातली.

तीन महिन्यांनी पहिल्या सेकंदाचा आकडा १.०८. म्हणजे जवळजवळ तोच. नुसता तो कागद पाहिला तर उपचार फसला असं वाटेल. पण बसल्या जागी १.७ ऐवजी २ लिटर आत घेता येत होते आणि सहा मिनिटांतलं अंतर ३४० मीटर झालं होतं. तुटलेल्या भिंती परत येत नाहीत. औषधांनी नळ्या थोड्या सैल केल्या, फुंकरीने सोडण्याला वेळ मिळवून दिला, आणि कोंडलेली हवा कमी झाली. काकांना फरक मात्र "श्वास आत जातो आता" असाच जाणवला, आणि मी तो दुरुस्त केला नाही.

पुढचा प्रश्न झडपांचा आहे. सगळ्यात बिघडलेल्या भागाच्या श्वासनलिकेत दुर्बिणीतून एकतर्फी झडपा बसवायच्या, तो भाग मिटू द्यायचा, म्हणजे उरलेल्या फुप्फुसाला आणि श्वासपटलाला जागा मिळते. फुप्फुसाचा भाग बंद करून श्वास सुधारतो हे ऐकून काकूंनी दोनदा विचारलं. कोंडलेल्या हवेचा आकडा आणि सीटीतलं चित्र दोन्ही अनुकूल आहेत, पण त्या भागाला शेजारून हवेची वाट नाही ना हे आधी तपासावं लागेल, आणि धूम्रपान चालू असलेल्याला ही प्रक्रिया करत नाहीत. सहा महिने पूर्ण बंद राहिलं तर मोठ्या केंद्रात पाठवायचं ठरलं आहे.

तोवर डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यासाठी घरच्यांना कागदावर लिहून दिलं आहे. दम वाढला तर "मोठा श्वास घ्या" म्हणू नका. पुढे वाकवून बसवा आणि "सोडा, हळू सोडा" म्हणा. फवारा पाच मिनिटांत कामी आला नाही, ओठ निळसर दिसले किंवा बोलणं असंबद्ध झालं तर थेट दवाखाना. साथीच्या वेळी घेतलेला ऑक्सिजनचा कॉन्सन्ट्रेटर घरात आहे. तो लावायची वेळ आलीच तर बोटावरचं यंत्र ८८ ते ९२ दाखवेल इतकाच ठेवा. आकडा ९८-९९ वर नेला तर अशा फुप्फुसात कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि रुग्ण शांत झोपला असं वाटत असताना तो गुंगीत जात असू शकतो.